हात वर करायची सवय

जुलैत शाळेला सुट्टी दोन आठवडे,
थंडी मात्र पाच महिने.
या वर्षी ठरलं, चार दिवस ब्युनोस आयरेस.
ठरलं म्हणजे एउसेबिओनं जेवताना मान हलवली
आणि मी ती हो म्हणून धरली.

पैसे कॉफीच्या डब्यात आहेत.
मार्चमध्ये मोजले तेव्हा चार रात्रींचं हॉटेल बसत होतं,
एप्रिलमध्ये तीन.
मे महिन्यात बसचं तिकीट पुन्हा वाढलं
आणि नदी दिसणारी खिडकी
आमच्या खोलीतून निघून गेली.
मी झाकण घट्ट लावते,
जणू पैसे तिथूनच उडतात.

लोकरीच्या पावतीच्या पाठीवर यादी केली आहे.
आयेलेनला सरकता जिना हवा.
संग्रहालय नको, ओबेलिस्क लांबून चालेल,
पण जिना दोनदा: एकदा वर, एकदा खाली.
लाउतारोला कुणाला तरी विचारायचंय
की जमिनीखालच्या गाडीला
आपण कुठे आलो ते कसं कळतं.
एउसेबिओला काहीच नको.
तो फक्त म्हणतो, कुत्र्यांना कोण घालणार?
आज सकाळी पुन्हा म्हणाला.
मी यादीत लिहिलं: कुत्री.

माझं यादीत नाही.
मला एका टेबलाशी बसायचंय
आणि कुणीतरी येऊन विचारायला हवं, काय आणू?
बारा वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात साठ ताटं वाढते,
तिथे विचारायची सोयच नसते.
शिजलं ते ताटात.

सासरे, फेर्मिन, एकदाच गेले होते त्या शहरात,
सैन्यात भरती झाले तेव्हा,
आणि अकरा महिने एक भिंत बघून आले.
तरी रस्ते तेच सांगतात:
डावीकडे भिंत, मग वळलं की भिंत,
मग घोड्यांचा हौद.
काल चुलीत लाकूड सारता सारता म्हणाले,
पोरी, तिथे दिसेल त्याला हात करू नकोस,
दुपारपर्यंत खांदा निखळेल.

हसले मी. पण रात्रभर तेच डोक्यात.
इथे आम्ही ट्रकलाही हात करतो,
काचेमागे माणूस दिसो न दिसो.
लांबवर नुसती धूळ उठली
तरी हात आपोआप वर जातो.
तो खाली कसा ठेवायचा?

सवय आधीच केलेली बरी
म्हणून आज दुकानात गेले,
पीठ घेतलं, यीस्ट घेतलं, पैसे ठेवले
आणि एर्सिलियाकडे न बघता बाहेर पडले,
शहरातल्या बाईसारखी.
वारा समोरून होता,
मान खाली घालणं सोपं गेलं.

सहाला अंधार पडला, सातला दार वाजलं.
एर्सिलिया. डोक्यावर शाल,
हातात मी विसरलेलं यीस्ट.
काय गं चुकलं माझं?
त्या दिवशी उधारीचं बोलले ते मनाला लागलं का?
डोळ्यांत पाणी. वाऱ्यानं असेल,
नसेलही.

मग येर्बाचा चहा झाला, सगळं सांगून झालं.
ती इतकी हसली
की चुलीजवळची मांजर उठून आत गेली.
मग यादी ओढून घेतली
आणि माझ्या अक्षराखाली आपल्या तिरक्या अक्षरात लिहिलं:
बटणं, काळी, मोठी, सहा.
पैसे दिले नाहीत.
उधारीतून वळते कर म्हणाली.
उंबऱ्यावरून पुन्हा मागे वळली,
आणि कुत्र्यांना मी घालीन.

एउसेबिओनं मान हलवली.
या वेळी मला काही धरून घ्यावं लागलं नाही.

निजानीज झाल्यावर डबा उघडला.
दोन रात्री, सहा बटणं, एक कॉफी.
बावीस तासांची बस,
मग टर्मिनल,
मग एक कोटीहून जास्त माणसं.
समोर येईल त्या पहिल्याला तरी
मी हात करणारच.
मग बघू खांद्याचं.